पळतीचा पाय

खो-खोत पळतीला उतरलेली खेळाडू स्वतःच्या पायांकडे बघत नाही. तिची नजर पाठलाग करणारीच्या खांद्यावर आणि कमरेवर असते. ती कुठे झुकतेय, खो कुणाला देणार, हे तिथूनच कळतं. बसलेल्या आठजणींच्या मधून नागमोडी सिंगल चेन पळताना दिशा सारखी बदलते आणि दर वळणाला सगळं अंग एका घोट्यावर येतं. तिथे पायानं जमीन आपली आपण ओळखायची असते. माझ्या उजव्या पायाला तेच जमेनासं झालं होतं आणि ते कळायला फार काळ गेला.

पहिल्यांदा पाय मुरगळला तो कॉलेजात, बसलेल्या मुलीच्या पावलावर पाय पडून. तळवा आत वळला, बाहेरच्या बाजूला सणक गेली. आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप झाला, क्रेप बँडेज झालं, सूज उतरली आणि मी परत मैदानात आले. त्यानंतर घोटा दगा द्यायला लागला. दरवेळी सूज येईच असं नाही. एस.टी.तून उतरताना, शेताच्या बांधावर, अगदी मांडवातल्या सतरंजीच्या कडेवरसुद्धा पाय एकदम आत कलंडायचा. पुढे पुढे पळतीत डावीकडे वळताना मी मनातून कचरू लागले, कारण डावीकडे वळायचं तर उजवा पाय रोवावा लागतो. कचरणारी पळती फार वेळ टिकत नाही.

घरचे म्हणत, घोटाच नाजूक आहे. पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मात्र आधी नऊ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला. जिना उतरताना कसं वाटतं, धावताना झटकन वळता येतं का, घोटा कलंडायला लागला तर सावरता येतो का, असे प्रश्न. गुण तीसपैकी. जितके कमी, तितका घोटा डळमळीत. मग टाच धरून पुढे ओढून पाहिली, लिगामेंट किती सैल आहे ते बघायला. शेवटी मला उजव्या पायावर उभं केलं. उभी राहिले. ‘आता डोळे मिटा, ताई,’ त्या म्हणाल्या. मिटले, आणि लगेच दुसरा पाय खाली टेकला. डाव्या पायावर तेच करताना डुगडुगले, पण उभी राहिले.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात आणि पाय आत मुरगळला की बहुधा त्यातलं पुढचं आधी फाटतं. लिगामेंट सांध्याला नुसतं बांधून ठेवत नाही. त्यात बारीक चेतातंतूंची टोकं असतात आणि पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर ती सतत वर पाठवत असतात. मुरगळण्यात ती टोकंही दुखावतात, हा विचार फ्रीमन या ब्रिटिश शल्यविशारदानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडला आणि डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. पुढच्या संशोधनानं त्यात भर घातली की बिघाड फक्त सांध्यापुरता नसतो, मेंदू हालचाल कशी आखतो तेही बदलतं. अशी माणसं तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतात. मी इतकी वर्षं कशी उभी राहत होते, ते मला त्या दिवशी उमगलं. आणि पळतीत तर डोळे दुसरीकडे गुंतलेले!

नडगीच्या बाहेरच्या बाजूचे दोन स्नायू पाऊल आत कलंडू देत नाहीत. पण ते कलंडायला लागल्यावर जागे झाले तर उशीर होतो. एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास सगळं घडून गेलेलं असतं. पाऊल टेकण्याआधीच ते सज्ज हवेत. तोलाच्या व्यायामाचं मर्म मला इथे दिसतं. आधी सपाट फरशीवर अनवाणी एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून, मग फोमच्या गादीवर. मग एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं पुढे, तिरकं मागे, जमेल तितकं लांब टेकवायचं आणि टाच उचलू द्यायची नाही. शेवटी उडी मारून एका पायावर उतरायचं आणि तिथेच थिजायचं. मला सर्वांत अवघड गेली ती बाजूला मारलेली उडी. पहिल्या आठवड्यांत पोटऱ्या भरून यायच्या, तळव्याचे बारीक स्नायू दुखायचे. बदल पहिल्यांदा जाणवला तो जिन्यात: उतरताना मी पायरीकडे बघत नव्हते.

व्यायामानं सैल झालेलं लिगामेंट परत आवळत नाही. माझं आजही सैलच आहे आणि सामन्यात मी घोट्याला पट्टा बांधत असे. काहींना शस्त्रक्रिया लागतेच. पण खबर नीट पोचायला लागली की सैल घोटाही पुष्कळ काम देतो.

आता मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मुलींना शिकवते. मैदान आखून उरलेल्या फक्कीनं खांबापलीकडे तीन रेघा काढलेल्या असतात, एक पुढे आणि दोन तिरक्या मागे. सरावाआधी प्रत्येकीनं एका पायावर उभं राहून दुसरा त्या रेघांवर लांब टेकवायचा, दोन्ही पायांनी, पाय मुरगळलेला असो वा नसो. त्यानंतर एका पायावर उभं राहून चेंडू झेलायचा. नजर चेंडूवर, पायांकडे नाही. पळतीसाठी मला यापेक्षा चांगली तयारी माहीत नाही. मॅटवर तर ती आणखी हवी. मातीत पाय थोडा सरकून सुटतो, मॅटवर बूट घट्ट पकडतो आणि सगळा पीळ घोट्यात जातो.

एखादीचा पाय मुरगळला तर चार पावलं टाकता येतात का आणि घोट्याचं हाड दाबल्यावर दुखतं का, हे मी आधी बघते. पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दुखत असेल, तर एक्स-रे. नसेल तर सूज उतरेपर्यंत धीर, आणि मग खरं काम सुरू. पालक विचारतात, ‘मॅडम, सूज गेली, चालतीय नीट, मग खेळवा की!’ मी त्यांच्यासमोरच तिला त्या पायावर उभं करते आणि डोळे मिटायला सांगते. तेवढ्यानं बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही, त्यांच्या मुलीलाही मी पळतीला उतरवत नाही, जिल्ह्याची निवड दारात आली असली तरी.