घुमटाखालचा वाडा

मुंबईला आलेला पाहुणा म्युझियमचा फोटो काढतो तो बहुधा बागेतून. पुढे बायकामुलं, मागे ताडाची झाडं आणि वर घुमट. अशा फोटोत काकू छान येतात; इमारत मात्र यायची राहते. आजचं तिचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुन्या मुंबईकराच्या तोंडी ते अजून नुसतं ‘म्युझियम’च आहे.

आमचं मत विचाराल, तर ही इमारत एका फोटोत मावण्यासारखी नाहीच. ती तुकड्यातुकड्यांनी टिपावी, कारण ती बांधलीच आहे तशी. 1909 साली स्पर्धेतून निवडलेल्या जॉर्ज विटेट या वास्तुकारानं विजापूर पाहिलं, मोगली महाल पाहिले, आणि जे जे आवडलं ते इथे आणून बसवलं. पुढे ‘गेटवे ऑफ इंडिया’ उभारला तोही यानंच.

आधी दगड पाहावा. काळसर दगड कुर्ल्याचा, पिवळट मालाडचा. कुर्ला आणि मालाड म्हटलं की आज आपल्याला लोकलची गर्दी आठवते. एकेकाळी तिथे खाणी होत्या! भर दुपारी या भिंतींचा फोटो घेण्यात अर्थ नाही. उन्हात सगळं सपाट दिसतं. ऊन तिरपं झालं की सज्ज्यांच्या सावल्या लांबतात, जाळीचं एकेक भोक वेगळं दिसू लागतं आणि दगडावर टाकीचा हात कसा फिरला असेल तेही कळतं. पिवळ्या दगडावर बेतून उजेड धरला की काळा दगड पार बुडतो. तेव्हा दोन फोटो वेगळे घ्यावेत, हे बरं.

आता आत चला. पायाभरणी 11 नोव्हेंबर 1905 ची, इमारत पुरी झाली 1914 साली, आणि तेवढ्यात महायुद्ध आलं. देवदेवतांच्या मूर्ती यायच्या त्या दालनांत आधी जखमी शिपायांच्या खाटा पडल्या. सर्वसामान्यांना दार उघडलं ते 10 जानेवारी 1922 ला. मधल्या दालनात उभं राहून कॅमेरा सरळ वर धरा. एकमेकींना छेदत जाणाऱ्या कमानी दिसतील. ही युक्ती विजापूरच्या गोलघुमटाची. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवायचा, तर मधे या कमानी भार पेलून घेतात.

पण आमची नजर अडते ती त्याखाली. तिथे दगड संपून लाकूड सुरू होतं. खांब, कठडे, सज्जा, सगळं अठराव्या शतकातल्या एका वाड्याचं. विटेटनं ते नाशिकला विकत घेतलं आणि घुमटाखाली जोडलं. त्या कठड्याशी कधी कोण उभं राहिलं असेल, खाली चौकात कोणाला हाक मारली असेल, कोण जाणे! वाड्याच्या मालकानं कोणत्या मनानं ते विकलं, हेही फोटोत येत नाही. एवढं खरं, की एरवी अशा वाड्यांचं लाकूड जुन्या बाजारात जातं, नाहीतर बंबात. इथलं वाचलं ते एका परक्या माणसाच्या हौसेपायी. याचा आनंद मानावा की लाज वाटावी, हे आम्हांला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून या लाकडाचे फोटो घाईनं घेऊ नयेत. खालून घेतलेल्या फोटोत कठडा अंधारात जातो. पहिल्या मजल्यावर जावं, समोरच्या बाजूचा कठडा आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणावा, हात खांबाला न टेकवता श्वास रोखावा आणि मग बटण दाबावं. नंतर घरी फोटो मोठा करून पाहावा. सांधा कुठे आहे, खाच कशी घेतली आहे, नक्षी कुठे झिजली आहे. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे अशाच जवळून घेतलेल्या फोटोंवर भिस्त ठेवतात, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातल्या या इमारतीला डागडुजी काही चुकत नाही. 2022 साली तिच्या जतनाच्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आणि नाशिक, वाई, पुणे, सातारा, जिथे कुठे आजोळचा वाडा अजून उभा असेल, तिथे या दिवाळीत जाणं होणारच आहे. पणत्यांचे फोटो काढून झाले, की माजघराच्या चौकटीचा एक घ्या. पाहुणे आत गेल्यावर, उजेड असेतो.