ओ

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकाला कविता द्यावी, फार तर ललित लिहावे. चिपवर कसला लेख लिहितेस, असे मैत्रिणी म्हणाल्या. पण गेल्या रब्बीत माझ्या आठ रात्री एका चिपनेच खाल्ल्या, त्याला मी तरी काय करणार?

आमच्याकडे शेतीची वीज आठवड्याच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री येते. रात्रपाळी असली की वीज आली का ते पाहायला अण्णा दोन-तीनदा उठून, बॅटरी घेऊन विहिरीवर जात. एकदा त्यांच्या पायाजवळून घोणस गेली, तेव्हा दादाने युक्ती काढली. विहिरीवर वीज आली की एका बिनतारी चिपने संदेश धाडायचा आणि घरातल्या चिपने तो झेलून आर्डुइनोकरवी बझर वाजवायचा. चिपचे नाव ‘एनआरएफ२४एल०१’. पुढे दादा नोकरीला पुण्यास गेला आणि घरातल्या यंत्राचा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला.

पहिल्या रात्री बझर वाजला. दुसऱ्या रात्री वाजला नाही. अण्णा त्याच्या भरवशावर निजून राहिले आणि गव्हाचे पाणी चुकले. यंत्र बंद करून सुरू केले की एकदा वाजे, मग पुन्हा मुके. मी तारा बदलल्या, चिप बदलली. अण्णा बोलले काहीच नाहीत. फक्त बॅटरी पुन्हा उशाशी ठेवू लागले. ते मला फार लागले.

शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांचा मल्टिमीटर मागून आणला. चिपच्या पट्टीवर आठ पिना असतात. त्यांतली एक ‘इंटरप्ट’ची, म्हणजे आर्डुइनोला हाक मारायची. एरवी तिच्यावर ३.३ व्होल्ट असतात; संदेश आला की ते शून्यावर उतरतात. तो उतार हीच हाक. पहिल्या संदेशानंतर काटा खाली आला, तो वर गेलाच नाही. आधीच खाली असलेली तार पुन्हा उतरणार कशी?

दादाला फोन केला. तो म्हणाला, “संदेश वाचलास, पण ओ दिलीस का?” संदेश आल्याची खूण चिपच्या ०७ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये राहते. नुसते वाचून ती जात नाही. ती पुसावी लागते, आणि गंमत अशी की पुसण्यासाठी तिथे शून्य नव्हे, १ लिहायचा असतो! चिप बिचारी निर्दोष होती. माझ्या प्रोग्राममध्ये तेवढी एक ओळ नव्हती.

ओळ लिहिताना आठवले. त्या आठ रात्रींत अण्णा स्वयंपाकघरातून हाक मारीत, “पोरी, जेवून घे.” मला ऐकू येई. मान तारांतच असे. चार दिवसांनी त्यांनी हाक मारणे सोडले होते.

त्या रात्री अडीचला बझर वाजला. पुढच्या रात्रीही वाजला. अंधारातून अण्णांचा आवाज आला, “पोरी, आली गं वीज!”

“ओ अण्णा,” म्हणाले, आणि बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर निघाले.