जर्नल स्क्वेअर, मिठाई आणि ईआर

जर्नल स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून न्यूअर्क अव्हेन्यूवर थोडं चाललात की अमेरिका गायब! साड्यांची दुकानं, सोन्याच्या पेढ्या, मिठाई, डोशाचा वास. जर्सी सिटीतल्या या पट्ट्याला ‘इंडिया स्क्वेअर’च म्हणतात. पाथ ट्रेन पकडली की हडसन नदीच्या खालून थेट मॅनहॅटन. त्यामुळे नव्यानं आलेले आयटीवाले इथे भरपूर. माझी ताई आणि जिजू त्यातलेच. आई आणि मी मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो. निमित्त स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं, खरं म्हणजे ताईचा संसार बघायला.

पहिल्याच दिवशी ताईनं शहर दाखवलं ते असं: “हा दवाखाना आपल्या नेटवर्कमधला. समोरचा नाही, तिथे जायचं नाही. ताप आला, पाय मुरगळला तर कोपऱ्यावरचं अर्जंट केअर. ईआरमध्ये फक्त जिवावर बेतलं तर.” मला हसूच आलं. पुण्यात आपण गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो, पैसे देतो, गोळ्या घेऊन घरी!

इथला हिशोब मात्र डोकं फिरवणारा. नोकरी लागल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीचा प्लॅन निवडायचा, तारीख हुकली तर बहुधा पुढच्या एनरोलमेंटपर्यंत थांबा. प्रीमियम पगारातून कापला जातो, तरी सुरुवातीचा खर्च आपलाच. समजा डिडक्टिबल २००० डॉलर आहे, तर तेवढे भरेपर्यंत बहुतेक उपचार स्वतःच्या खिशातून. त्यानंतरही बिलाचा काही टक्के वाटा आपल्याकडे राहतोच. आणि आईवडील सहसा या प्लॅनमध्ये बसतच नाहीत. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स. त्यातला स्वस्त ‘फिक्स्ड’ प्लॅन एकेका उपचाराला ठरलेली रक्कम देतो, बिल कितीही येवो. आम्ही अर्थातच तोच घेतला होता. न वाचता.

पाचव्या दिवशी सकाळी आई चहाच्या टेबलाशी घामाघूम बसलेली. रात्री दोनपासून छातीत दुखत होतं.

“अगं, मग उठवलं का नाहीस?”

“काल ती दुकानातली बाई सांगत होती ना, नुसत्या अ‍ॅम्ब्युलन्सचे किती लागतात ते...”

ताईनं ९११ फिरवला. १९८६च्या कायद्यामुळे ईआरमध्ये आलेल्या पेशंटला पैशांसाठी परत पाठवता येत नाही. तपासणी आणि तातडीचे उपचार करावेच लागतात. बिल नंतर! ईसीजी झाला, रक्त तपासलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. हार्ट अ‍ॅटॅक नव्हता. आम्ही तिघी कॉरिडॉरमध्ये रडून घेतलं.

मग पाकिटं यायला लागली. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं. नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांच्या अचानक येणाऱ्या बिलांना २०२२पासून ‘नो सरप्राइजेस अ‍ॅक्ट’नं लगाम घातलाय, पण तो नेहमीच्या हेल्थ प्लॅनवाल्यांसाठी. आईच्या पॉलिसीला त्याचा उपयोग नव्हता. (आणि रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स त्या कायद्यातून सुटलीच आहे.) त्यात इन्शुरन्स कंपनीनं आईचं जुनं बीपी उकरून काढलं.

ताई हुशार. तिनं आधी एकेका बाबीचं वेगळं बिल मागवलं, मग हॉस्पिटलच्या आर्थिक मदत विभागाकडे अर्ज केला. रक्कम बरीच खाली आली, उरलेल्याचे महिन्याचे हप्ते. हे असं मागता येतं, हे नव्यानं आलेल्यांना कुणी सांगतच नाही! आईवडिलांना नेत असाल तर थोडे जास्त पैसे घालून कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन घ्या आणि जुन्या आजाराचं कलम दोनदा वाचा. रोजच्या गोळ्या चिठ्ठीसकट इथूनच न्या.

बिलाचं मला फार वाटत नाही. दोन ते सहा, त्या चार तासांचं वाटतं.

आई आता पुण्यात ठणठणीत आहे. महिन्याच्या एक तारखेला ताईला फोन लावते आणि हॅलोच्या आधी विचारते, “हप्ता गेला का गं?”