जंगलाचा कॉलम

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत झाडांबद्दल कुणी काही शिकवल्याचं आठवत नाही. (‘पर्यावरण’ नावाचा पेपर होता, तो सगळ्यांनी आदल्या रात्री वाचून काढला.) त्यामुळे मिगेल आंखेल दे केवेदोचा मला हेवा वाटतो. 1862 साली मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला आणि फ्रान्समध्ये शिकलेला हा इंजिनिअर. तिथल्या एका प्राध्यापकानं त्याला बजावलं होतं, की जंगल न कळणारा जलअभियंता अर्धवटच.

परतल्यावर त्यानं काम धरलं ते मात्र मेक्सिको सिटीच्या खोऱ्यातलं पाणी बाहेर काढण्याचं. मग बंदरं, मग जलविद्युत. तिथे त्याला प्राध्यापकाचं म्हणणं दिसलं: डोंगर बोडके झाले की नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि उन्हाळ्यात आटते. टर्बाइन कितीही चांगलं असो.

मी धरणात किती पाणी येईल याचा अंदाज देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्या मॉडेलमध्ये पाऊस रोज बदलतो. जंगल मात्र कुणीतरी कधीतरी भरलेला एक आकडा आहे. तो अपडेट करूया म्हटलं, तर उत्तर आलं, ‘क्लायंटनं मागितलेलं नाही.’

केवेदोलाही कुणी मागितलं नव्हतं. त्यानं कोयोआकानला रोपवाटिका उभारली, 1922 मध्ये वनसंस्था काढली, 1926 च्या वनकायद्यासाठी झटला. 1935 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी त्याला नव्या वनविभागाचा प्रमुख केलं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. पुढच्या पाच वर्षांत सुमारे 40 राष्ट्रीय उद्यानं जाहीर झाली. 1940 मध्ये तो विभागच बंद केला गेला.

एका बाबतीत मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. कार्देनास शेतकऱ्यांना जमिनी वाटत होते, आणि केवेदोला त्यांच्या हाती जंगल सोपवायची धास्ती होती. माझी आजी डोंगरावरून वाळक्या फाट्यांची मोळी आणायची. ती उभं झाड तोडत नसे. केवेदोच्या नकाशात तिला जागा कुठे असती, हे मला पॅरिसच्या पदवीकडे बघून सांगता येत नाही.

कोयोआकानची रोपवाटिका अजून आहे. शहराच्या मधोमध, आणि सकाळी लोक तिथे पळायला येतात. आमचा जंगलाचा कॉलम मी पुन्हा बॅकलॉगमध्ये टाकलाय. प्रायॉरिटी : लो.