मनकवडी कमांड

आमच्या टीमसाठी गिटवर मी एक छोटी कमांड चढवली आहे. नाव ‘जा’. ब्रँचचं अर्धंमुर्धं नाव टाका, ती शोधून नेते. हातातलं अपुरं काम आपणहून स्टॅश करते. ‘मनकवडी आहे हो’ असं पुण्याच्या ऑफिसातून कुणी म्हटलं, की इथे वर्ध्यात माझा दिवस मजेत जायचा.

यंदा हिंगणघाटची एक मुलगी शिकाऊ म्हणून आली. तिला माझ्या हत्याराऐवजी साधं गिट आवडतं. एकदा विचारते, “सर, काल हेच चेकआउट चाललं, आज काहून नाही?” मधे तिनं एवढंच केलं होतं, की सहकाऱ्याचं रिपो दुसरं रिमोट म्हणून जोडून फेच केलं होतं. स्थानिक ब्रँच नसेल, तर गिट ते नाव रिमोटांवर बघतं आणि नेमक्या एकावर सापडलं तरच ब्रँच बनवून देतं. दोनांवर सापडलं की हात वर. बोटं तीच, अक्षरं तीच, उत्तर वेगळं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय. मदतीची अट वापरणाऱ्याच्या नजरेबाहेर असेल, तर तिच्यावर भिस्त कशी ठेवायची? गिट निदान थांबतं. ‘जा’ थांबत नसे. दोन नावं जुळली तर ताजा कमिट असलेली ब्रँच उचलायची. म्हणजे मी टाकलेल्या ‘लॉगिन’ या अर्ध्या नावाचा अर्थ दुसऱ्या कुणाच्या पुशनं बदलायचा.

2018 मध्ये गिटनं ‘चेकआउट.डिफॉल्टरिमोट’ आणलं: दोन ठिकाणी सापडल्यास कुठलं घ्यायचं, ते आधीच सांगून ठेवा. हा इलाज मला पटतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये 2.23 सोबत ‘स्विच’ आलं, तेही बरंच झालं. चेकआउट एकीकडे ब्रँच बदलतं, तर दुसरीकडे फाइलचं नाव मिळालं की तिच्यातले बदल न विचारता पुसतं. स्विच फाइलचं नाव घेतच नाही, सुट्या कमिटवर जायचं तर ‘डिटॅच’ म्हणायला लावतं. अंदाज मात्र त्यानंही सोडला नाही. नको असेल तर ‘नो-गेस’ आपण लिहायचं. इथे त्यांनी कच खाल्ली, असं माझं मत. गिटहब डेस्कटॉप हातातलं काम इथेच ठेवू की सोबत नेऊ, असं विचारतं. त्या खिडकीला मी वर्षानुवर्षं हसत आलो. आता जरा कमी हसतो.

‘जा’ आता दोन नावं जुळली की यादी दाखवून थांबते. स्टॅश मी काढलेलं नाही, जीव जडलाय. त्या मुलीनं आपल्या मशीनवर ‘जा’ला सरळ ‘गिट स्विच’चं टोपणनाव करून टाकलंय. नाव तेवढं माझं ठेवलं, आणि त्याचंही मला बरं वाटलं.