मालवणच्या खडकांतली समुद्रफुलं

मालवणला गेलेली मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, सोलकढी पितात, खाजं बांधून घेतात आणि परततात. मी म्हणेन, आणखी दोन तास काढा आणि ओहोटीला किनाऱ्यावरच्या खडकांत हिंडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर फारच उत्तम. तेव्हा पाणी पार लांब ओसरतं.

खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं. त्यात निरखून पाहा, शेवंतीसारखं काहीतरी उमललेलं दिसेल. मुलं त्याला फूलच समजतात, पण तो चक्क प्राणी! समुद्रफूल म्हणतात त्याला. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या बोटांनी ते बारीकसारीक जीव पकडून खातं. आपल्या दागिन्यांतलं पोवळं ज्या प्रवाळाचं, तेही याच्याच भाऊबंदांतलं.

उन्हं चढली, की खळग्यातलं पाणी तापू लागतं. खेकडा झटकन कपारीत शिरतो. समुद्रफूल मात्र बुडानं खडकाला चिकटलेलं. सरकतं, पण अगदी गोगलगायीच्या चालीनं. पळणं शक्य नाही, म्हणून ते स्वतःला आवरून घेतं. पाकळ्या आत, तोंड बंद, पोटात पाणी धरलेलं आणि अंगावर बुळबुळीत थर. काही जाती तर अंगाला वाळू नि शिंपल्यांचे कण चिकटवून घेतात. त्यानं ऊन अडतं, ओल टिकते. आपण उन्हात डोक्यावरून पदर घेतो ना, तसंच!

आतही धडपड चालूच असते. अंड्याचा पांढरा भाग उकळताना थिजतो, तशी शरीरातली प्रथिनं उष्णतेनं बिघडू लागतात. ती सावरायला पेशी दुसरी खास प्रथिनं तयार करतात. यात शक्ती खर्च होते. भरती आली, गार पाणी मिळालं, की पुन्हा फूल उमलतं.

पण समुद्रच तापला तर? मालवणच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत. १९८७ साली इथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही त्याचाच. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शेवाळ घातक ठरू लागतं आणि प्रवाळ त्याला बाहेर काढतो. मग तो पांढराफटक पडतो. मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेवर निवलं तर शेवाळ परत येतं, नाहीतर प्रवाळ मरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. सोसणाऱ्यालाही मर्यादा असतेच.

समुद्र गार करणं आपल्या एकटीच्या हातात नाही. एवढं मात्र करता येईल: मुलांना खळग्याशी उकिडवं बसवून दाखवा, पण काडीनं टोचू देऊ नका. टोचलं, की मिटताना त्याचं साठवलेलं पाणी सांडतं. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, आणि पाऊल जपून टाका. खडकावरचा मिटलेला, वाळू माखलेला गोळा चिखल वाटतो. तो जिवंत असतो, भरतीची वाट पाहत असतो.