आत्याने ऐकलेले सिनेमे

हैदराबादच्या बेगम बाजारात डोळे मिटून उभं राहिलं तरी कुठली गल्ली ते कळतं. भांड्यांच्या गल्लीत पितळ-स्टीलचा खणखणाट, मसाल्यांच्या गल्लीत शिंका, आणि मासळी बाजार गोंयकाराला वेगळा सांगायला नकोच. (मासळी मात्र गोड्या पाण्याची. रोहू, कटला, मुर्रेल. आठवडाभर बांगड्याची आठवण काढली.) निजामाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना जागा दिली म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

माझी आत्या लग्न होऊन डिचोलीहून इथे आली, त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली. आता तिला जवळजवळ दिसत नाही. आतेभाऊ परगावी जाणार म्हणून मी आठवड्याची रजा टाकून सोबतीला गेलो. "जमलं तर तिला गोव्याला घेऊनच ये," असं घरून बजावलं होतं.

संध्याकाळी करायचं काय? लॅपटॉपवर रोज एक सिनेमा लावला. दिग्दर्शक एकच, श्याम बेनेगल. पण प्रत्येक सिनेमाची जात वेगळी. बेनेगल मूळ इथलेच. १९३४ साली सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत जन्मले, घरची भाषा कोंकणी. २०२४च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हापासून हे मनात होतं.

सोमवारी 'अंकुर' (१९७४). किष्टय्या पडद्यावर वावरत होता आणि आत्याने विचारलं, "हो कोण रे, उलयनाच?" तो मुका-बहिरा आहे, हे तिला सांगावं लागलं. त्यानंतर जिथे जिथे शांतता पसरे, तिथे ती हळूच म्हणे, "आला तो." साधू मेहेरांच्या त्या भूमिकेची इतकी चांगली दाद मी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही. बाकीच्यांची दखनी ऐकून तर ती खूश झाली. आमच्या 'नको'चा 'नक्को' करणारी ती बोली तिच्या जिन्याखालीच बोलली जाते. शेवटी पोराने मारलेला दगड काचेवर बसला, तेव्हा ती दचकली.

मंगळवारी 'भूमिका'. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' तिने लग्नाआधी वाचलेलं, त्यामुळे ती मध्येमध्ये मलाच दुरुस्त करत होती. बुधवारी 'जुनून'. सत्तावनच्या धामधुमीत बाईसाहेबांना चक्क झोप लागली. 'कलयुग'मध्ये उद्योगपतींच्या घरातलं महाभारत आहे; नात्यांत मीच गोंधळलो, तिने आवाजावरून कर्ण ओळखला. शुक्रवारी 'मंडी'. कोठ्यावरचा विनोदी सिनेमा आत्याबरोबर बघायचा म्हणून मी अंग चोरून बसलो होतो, आणि ती पोट धरून हसत होती.

शनिवारी 'त्रिकाल' (१९८५). हा मी मुद्दाम राखून ठेवला होता. लोटलीतलं मारियो मिरांडांचं घर, १९६१चा गोवा, अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेले चेहरे. मला तो फार आवडतो. अर्ध्या तासाने आत्याने विचारलं, "गोवा कधी येणार?"

आता काय सांगू? समोर गोवाच होता, पण दिसणाऱ्याला. माणसं तर हिंदी बोलत होती. बेनेगलांनी लहानपणी कानांनी साठवलेला तेलंगण 'अंकुर'मध्ये उतरला. 'त्रिकाल'मध्ये बराचसा डोळ्यांनी पाहिलेला गोवा आहे. हिंदी सिनेमाला इलाज नव्हता, हे कबूल. पण तिच्याशेजारी बसेपर्यंत मला हे जाणवलंच नव्हतं. रेमोचं कोंकणी गाणं आलं तेव्हा मात्र ती ताठ बसली. पुन्हा लावायला लावलं. तीन वेळा.

हाच मोका, असं वाटून विचारलं, "आते, येतेस गोव्याला? कायमची?"

ती बराच वेळ बोलली नाही. खाली दुकानांची शटरं पडत होती. "हे भांडीवाल्याचं," ती म्हणाली. मग पुढचं पडलं. "हे कुलूपवाल्याचं. आज उशीर केलान." इथल्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि अकरावी तुटकी आहे, हेही तिने सांगितलं. डिचोलीच्या घराला किती होत्या, ते तिला आठवेना.

"मग?" मी विचारलं.

"नक्को," आत्या म्हणाली.

रविवारी 'वेल डन अब्बा' लावला. त्यात बोमन इराणी विहीर चोरीला गेल्याची तक्रार घेऊन पोलिसांत जातो.